बांद्याच्या पावसाला पुरेल अशी माती

सिंधुदुर्गातल्या बांद्यात मातीला तोटा नाही. तेरेखोल नदीच्या काठाला गाळाची मळई आहे, गावाबाहेर चढाला लागलं की जांभ्याची तांबडी माती. ‘माती काय इकत घेवची असता?’ असं इथला जुना माणूस आजही म्हणेल, आणि त्याचं बरोबरच आहे. तरीही रोपवाटिकेतून हौसेने मिरचीचं किंवा गुलाबाचं रोप आणून परड्यातली माती कुंडीत भरणारे अनेक जण गणपतीपर्यंत पिवळी पडलेली पानं आणि दसऱ्यापर्यंत रिकामी कुंडी बघतात. ज्या मातीत फणस आणि आंबा पिढ्यान्पिढ्या उभे आहेत, तीच माती कुंडीत रोपाला जगू देत नाही.

यात दोष मातीचा नाही. जमिनीतली माती आणि कुंडीतली माती यांची कामं वेगळी. त्यात कोकणातल्या कुंडीपुढे आणखी एक पेच असतो. सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. म्हणजे चार महिने कुंडीने पाणी सोडायचं आणि उरलेले आठ महिने तेच पाणी धरून ठेवायचं. पाकिटावर छापलेली मिश्रणाची प्रमाणं या दोन टोकांचा विचार करून केलेली नसतात. तो विचार आपल्यालाच करावा लागतो, आणि सुदैवाने त्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं सामान घराच्या आवारात किंवा शेजारी मिळतं.

कुंडीच्या तळाशी काय होतं?

जमिनीत पडलेलं पाणी खाली खोलवर ओढलं जातं. कुंडीत ती ओढ तळाशी संपते. भोकातून पाणी टपकायचं थांबलं तरी तळाच्या काही बोटं उंचीच्या मातीत पाणी तुंबून राहतं. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या आणि मग तो उभा करा. आणखी पाणी गळेल. जितकी उंची जास्त, तितकं पाणी निघून जातं. म्हणून उथळ ट्रेमध्ये मुळं लवकर सडतात आणि खोल कुंडीत तगतात.

हा तुंबलेला थर किती जाड असेल, ते मातीच्या कणांवर ठरतं. कण बारीक तर थर जाड. तांबडी माती परड्यात भुसभुशीत वाटते, पण कुंडीत मुसळधार पाऊस झेलून आणि उन्हात सुकून ती घट्ट बसते. मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. पान पिवळं पडलं की आपण पाणी कमी पडलं असं समजून वर आणखी तांब्या ओततो.

तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा जाड थर द्यायची जुनी पद्धतही इथे कामाची नाही. त्याने तुंबलेलं पाणी नाहीसं होत नाही, ते फक्त थरावर चढून मुळांच्या आणखी जवळ येतं. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी पुरे. निचरा हवा असेल तर तो सगळ्या मिश्रणात हवा.

कलमाच्या पिशवीतला धडा

सिंधुदुर्गाला कुंडीची विद्या नवी नाही, तिचं नाव फक्त वेगळं होतं: कलमाची पिशवी. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काजूच्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ अशा जाती दिल्या. आंब्याची कोय कलमं आणि काजूची मृदूकाष्ठ कलमं याच पट्ट्यात घरोघरी पोचली. ही कलमं काळ्या पिशवीत, माती आणि शेणखताच्या मिश्रणात वाढली. पिशवीला खालच्या बाजूला भोकं पाडायची, हा नियम रोपवाटिकेतल्या पोरालाही ठाऊक असतो.

पण ती पिशवी म्हणजे कलमाचा मुक्काम असतो, घर नव्हे. वर्ष-दीड वर्षात ते बागेतल्या खड्ड्यात जातं. कुंडीतली मिरची किंवा अबोली मात्र तिथेच जगते. म्हणून माती आणि शेणखताच्या जोडीला हवा खेळती ठेवणारं तिसरं काहीतरी लागतं.

लंडनची वाफ, कोकणची भाजावळ

कुंडीच्या मातीचं प्रमाण शास्त्रीय पद्धतीने बसवण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९३० च्या दशकात लंडनजवळच्या जॉन इनेस हॉर्टिकल्चरल इन्स्टिट्यूशनमध्ये झाला. तिथे प्रयोगासाठी लावलेली प्रिम्युलाची रोपं मरत होती. लॉरेन्स आणि न्यूवेल या दोघांनी माती वाफवून तिच्यातले रोगजंतू आणि तणाचं बी मारलं, मग ७ भाग माती, ३ भाग पीट आणि २ भाग वाळू असं प्रमाण ठरवलं. पीट म्हणजे थंड प्रदेशातल्या दलदलीत हजारो वर्षं साचलेलं शेवाळ. ते आपल्याकडे नाही आणि त्याची गरजही नाही, कारण त्याच्या जागी आज जगभर नारळाच्या काथ्याची भुकटी वापरतात. ती तर आपल्या दारात पडलेली असते.

माती तापवण्याची गोष्टही कोकणी शेतकऱ्याला नवी वाटायची नाही. भाताचा तरवा पेरायच्या आधी पातेरा, कवळ आणि शेणाचे थर रचून जमीन भाजायची, म्हणजे तण मरतं आणि राख मिळते, हे भाजावळीचं गणित तेच आहे. कुंडीसाठी मात्र जाळायला नको, कारण जाळण्यात सेंद्रिय अंशही जातो. एप्रिल-मेच्या उन्हात ओलसर माती पसरून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट दाबून चार ते सहा आठवडे ठेवलं की तेच काम फुकटात होतं.

सामान कुठलं आणि कसं

माती: परड्यातली वरची वीतभर तांबडी माती चाळून घ्यावी. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, रोपाला लवकर देत नाहीत. म्हणून खत सढळ हवं. नदीकाठची मळई कसदार, पण फार बारीक. ती मिसळायची तर मातीच्या पाव हिश्शाहून जास्त नको.

खत: शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. हाताला गरम लागता कामा नये आणि वास पावसानंतरच्या मातीसारखा यावा. अमोनियाचा उग्र दर्प आला तर ते अजून तयार नाही. शेणखत चाळल्याशिवाय कधी वापरू नये. चाळणीवर अंगठ्याएवढी जाड, पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वाकलेली अळी हमखास सापडते. ती बहुधा गेंड्या भुंग्याची असते. शेणाच्या गायरीत वाढलेला हाच भुंगा पुढे माडाच्या शेंड्यात शिरून पाती कातरतो. तिच्याच जातकुळीतली हुमणी तर रोपाची मुळं खाते. दोन्ही वेचून कोंबड्यांपुढे टाकाव्यात. गोठा नसेल तर गांडूळखत घ्यावं.

काथ्याची भुकटी: नारळाची सोडणं न्हाणीच्या चुलीत घालण्यापूर्वी थोडी बाजूला काढावीत. ती ठेचून निघालेली भुकटी किंवा बाजारातलं कोकोपीट, दोन्हींत टॅनिन आणि क्षार असतात. खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या काथ्याची भुकटी असेल तर मीठ आणखी. म्हणून ती दोन-तीन पाण्यांनी धुवावी. पहिलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं निघतं, ते फिकं होईपर्यंत धुणं चालू ठेवावं. एवढी घाई नसेल तर गोणपाटात भरून पावसात उघड्यावर ठेवावी. सप्टेंबरपर्यंत पाऊसच ती धुऊन देतो. न कुजलेली भुकटी मातीतला नत्र खाते, त्यामुळे नुसत्या भुकटीवर रोप पोसत नाही. अलप्पुळजवळच्या कलवूर इथल्या केंद्रीय काथ्या संशोधन संस्थेने ती लवकर कुजवण्यासाठी धिंगरी अळिंबीच्या जातीतली बुरशी वापरायची पद्धत बसवली आहे. घरी शेणाच्या काल्यात चार-सहा महिने कुजवली तरी चालते.

तूस आणि वाळू: भाताच्या गिरणीतलं तूस सावकाश कुजतं आणि तोवर मातीत हवेला वाट ठेवतं. अर्धवट जळलेलं काळं तूस मिळालं तर उत्तमच. वाळू नदीची, जाड. किनाऱ्यावरची वाळू खारी, ती वर्ज्य. चिऱ्याचे हरभऱ्याएवढे खडे चालतात. चिरा कापताना पडणारी पूड मात्र नको, ती पाणी अडवते.

काही गोष्टी आवर्जून टाळायच्या. काजूच्या टरफलांत कातडी भाजणारं तेल असतं, त्यामुळे ती खताच्या ढिगात नकोत. माडाला मीठ घालायची पद्धत कुंडीला लावू नये. आणि पातेरा हवा म्हणून देवराईत पाऊल घालू नये. तिथलं पान तिथेच कुजायचं असतं.

माप आणि मिसळ

माप वजनाने नाही, घमेल्याने. तांबडी माती २ घमेली, शेणखत किंवा गांडूळखत २, धुतलेली काथ्याची भुकटी १, तूस आणि जाड वाळू मिळून १. शिवाय दर घमेल्याला मूठभर करंज पेंड आणि अर्धी मूठ चुलीची राख. तिसऱ्यांच्या शिंपल्या घरात पडलेल्या असतील तर त्या भाजून, कुटून चिमूटभर घालाव्यात. त्यांनी मातीचा आम्लपणा उतरतो आणि कॅल्शियमही मिळतं. सगळं कोरडंच कालवावं. मिसळून झाल्यावर ६ घमेली भरत नाहीत, कारण बारीक कण मोठ्या कणांच्या पोकळीत शिरतात. मग हलकं पाणी शिंपडून, गोणपाट झाकून १५ दिवस सावलीत ठेवावं, कारण पेंड कुजताना तापते.

ही मिसळ मिरची, वांगी आणि माठाला जशीच्या तशी चालते. अबोली, सदाफुली, तुळस यांना खत एक घमेलं कमी. बी रुजवायला मातीऐवजी २ भाग भुकटी आणि १ भाग बारीक चाळलेलं गांडूळखत पुरे.

तयार झाली की नाही, हे तीन गोष्टींवरून कळतं. ओलसर मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोटाने टोचलं की फुटावा. भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं तर ते वर न तुंबता बघता बघता मुरावं. आणि वाटीभर मिश्रणात मेथीचे दाणे पेरावेत. चार-पाच दिवसांत सरळ, हिरवी रोपं आली तर माती तयार. कोंब करपले तर खत कच्चं किंवा मीठ जास्त.

मिरगाआधी आणि दसऱ्यानंतर

मिश्रण वैशाखात करावं. माती कोरडी असते, चाळणी नीट चालते. मात्र सगळं खत मिरगाआधीच कुंडीत घालू नये. नत्र आणि पालाश आषाढाच्या पावसात धुऊन जातात. मिश्रण करताना त्यात खत निम्मंच घालावं, उरलेलं सप्टेंबरअखेर वरून द्यावं. पावसाळ्यात कुंड्या विटांवर चढवून भोकं मोकळी ठेवावीत. दसऱ्यानंतर उलटं करायचं: मातीवर दोन बोटं पातेरा पसरायचा, म्हणजे ऊन थेट लागत नाही आणि पाणी टिकतं.

घरातल्या कचऱ्यातून माती उभी करणं मराठी माणसाला नवं नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’मधून शेतकऱ्यांना आणि शहरातल्या लोकांना हेच शिकवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर तिथल्या अधिकारी प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली. तिथे माती आणणंच अवघड होतं. बांद्यात ती पायाखाली आहे, सोडणं आणि तूस हाताशी आहे. म्हणून बाजारातली थैली घेण्याआधी येत्या वैशाखात एकच कुंडी या मापाने भरा आणि दुसरी नुसत्या परड्यातल्या मातीने. दोन्हींत एकाच दिवशी मिरची लावा. गणपतीला कुठली कुंडी हिरवी आहे ते बघा आणि पुढच्या वर्षीची माती त्यावरून ठरवा.