मातीचा नमुना आपण घेतो, मग हा का नाही?

भगिनींनो, पेरणीआधी माती तपासायची असली की नमुना कोण घेते? आपणच. शेतात पाच-सात ठिकाणी वीतभर खड्डा करायचा, बांधालगतची, उकिरड्याजवळची, झाडाखालची माती टाळायची, सगळी एकत्र कालवून अर्धा किलो पिशवीत भरायची. प्रयोगशाळेतले साहेब बांधावर येत नाहीत. नमुना नीट घेतला, तर अहवालही नीट येतो.

आज जिच्याविषयी सांगायचे आहे ती तपासणीही अशीच आहे. मात्र ती शेताची नव्हे, आपल्या अंगाची. चारचौघांत बोलायचा हा विषय नाही, म्हणून तर तो छापून सांगावा लागतो.

कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसून बाई पिंपळनेरला येते. बाजार होतो, बियाणे घेतले जाते, चहाही होतो. ग्रामीण रुग्णालयाच्या दारावरून मात्र ती तशीच पुढे जाते. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, लघवीला जळजळ होते; पण आत डॉक्टर पुरुष असले तर? रांगेत गावचे कोणी भेटले तर? ‘जाऊ दे माय, आपेआप बरं व्हई जाई,’ असे म्हणत वर्षे निघून जातात.

हे एकट्या खान्देशातले नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, तेव्हा जग चकित झाले. शंभरातल्या 92 जणींना स्त्रीरोगापैकी काही ना काही होते, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ होत्या! यातले सगळेच आजार संबंधातून आलेले नव्हते, हेही ध्यानात ठेवा. पांढरे जाणे म्हणजे गुप्तरोगच, असे मुळीच नाही.

पण परमा किंवा क्लॅमिडिया हे जंतू असतील, तर ते पुष्कळदा काहीच त्रास न देता आत राहतात, गर्भनलिकेपर्यंत चढतात आणि नळी बंद करतात. मग मूल होत नाही, आणि गाव बाईला वांझ म्हणून मोकळे होते. वेळीच कळले असते, तर औषधाने हे जंतू गेले असते.

पूर्वी परम्याचा जंतू प्रयोगशाळेत जिवंत पोहोचवावा लागे, आणि तो वाटेतच मरे. आता करोनात झाली तशी, जंतूची जनुकीय खूण शोधणारी तपासणी आहे. जंतू मेलेला असला तरी खूण सापडते. म्हणूनच बाईने स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये या दोन आजारांसाठी तशी शिफारस केली, आणि 2021 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एच.पी.व्ही. विषाणूसाठीही.

रीत सोपी आहे. हात धुवायचे, आतून मात्र धुवायचे नाही. दिलेली कापसाची काडी बोटाच्या दोन पेरांइतकी आत सरकवून दहा ते तीस सेकंद हळू फिरवायची, आणि कापसाला बोट न लावता नळीत ठेवून झाकण लावायचे. आडोशाला, लुगड्यातच हे होते. गरोदर बाईने मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. गरमी आणि एच.आय.व्ही.साठी रक्तच द्यावे लागते, आणि गरोदरपणी ते चुकवू नये. पोटात जोराची कळ आणि ताप असेल, तर काडीवर भागत नाही; डॉक्टरांनी तपासलेच पाहिजे.

ही सोय अजून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नसते. तिथे ‘काडीचा नमुना मी घेऊ का?’ असे नर्सताईंना सरळ विचारा. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते, तिथे उपचार मोफत होतात. 1097 या क्रमांकावर फोन केला, तर नाव न सांगताही माहिती मिळते.

अहवालात जंतू निघाला, तर घरात भांडण पेटते. ‘कुठून आणलास?’ असे तो विचारतो, तीही तेच विचारते. जंतू महिनोन् महिने गुपचूप राहतो. तो कधी आला आणि कोणी आणला, हे अहवाल सांगत नाही. एकानेच औषध घेतले, तर दुसऱ्याकडून तो परत येतो. औषध दोघांनी घ्यायचे, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा आठवडाभर, जवळ यायचे नाही.

तेव्हा दादा, तुम्हीही सोबत चला. तुम्हाला काडीसुद्धा लागत नाही. किमान तासभर लघवीला जायचे नाही, मग डबीत अगदी पहिली धार धरायची. एरवी लघवी तपासताना मधली धार मागतात, इथे पहिलीच हवी, कारण मार्गातले जंतू तिच्याबरोबरच वाहून येतात. एस.टी.तून उतरल्याबरोबर आधी मुतारीकडे वळलात, तर मग तासभर रुग्णालयात बसून राहावे लागेल.