प्रयोगशाळेतील इजा, रासायनिक
रासायनिक प्रयोगशाळेत काम करताना दाहक, विषारी वा ज्वालाग्राही द्रव्ये, तापलेली उपकरणे, फुटलेली काच इत्यादींमुळे शरीरास होणारा अपाय. पहिल्या काही मिनिटांतील उपचारांवर इजेची तीव्रता पुष्कळदा अवलंबून असते, तर तिच्या नोंदीमुळे पुढील उपचारांस दिशा मिळते व तशाच इजा टाळता येतात.

प्रथमोपचार : अम्ल किंवा क्षारक अंगावर सांडल्यास दूषित कपडे ताबडतोब काढून तो भाग वाहत्या पाण्याखाली निदान १५ ते २० मिनिटे धुतात. डोळ्यात द्रव्य गेल्यास पापण्या उघड्या धरून डोळा तितकाच वेळ धुवावा लागतो. क्षारके ऊतकांत खोलवर शिरत असल्यामुळे त्यांच्यापासून डोळ्यांस विशेष धोका असतो. अम्लाने भाजलेल्या जागी क्षारक लावू नये. कारण उदासिनीकरणात उष्णता निर्माण होऊन इजा वाढू शकते. दाहक द्रव्य गिळले गेल्यास ओकारी करवत नाहीत. विषारी वायूची बाधा झालेल्यास मोकळ्या हवेत नेतात. मात्र साहाय्यकाने स्वतःच्या श्वसनाचे संरक्षण केल्याशिवाय आत जाऊ नये.

हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल फसवे असते. विरल अम्लामुळे कित्येक तास वेदनाही होत नाहीत. परंतु फ्ल्युओराइड आयन आत शिरून कॅल्शियमाशी संयोग पावतात. रक्तातील कॅल्शियम घटल्यास हृदयक्रिया बंद पडू शकते. म्हणून पाण्याने धुतल्यावर २·५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटाचे जेल चोळतात व रुग्णास त्वरित रुग्णालयात नेतात.

नोंद : इजा क्षुल्लक वाटली, तरी प्रयोगशाळाप्रमुखास कळवून वेळ, द्रव्याचे नाव व संहती, वापरलेली संरक्षक साधने, घटनाक्रम व केलेले उपचार लिहून ठेवतात. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजातील रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर १४ ऑगस्ट १९९६ रोजी डायमिथिल मर्क्युरीचे काही थेंब सांडले. लक्षणे कित्येक महिन्यांनी प्रकट झाली व ८ जून १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. हे द्रव्य रबरी हातमोज्यातून काही सेकंदांतच आरपार जाते, असे नंतरच्या चाचण्यांत आढळले आणि तशा हातमोज्यांविषयी शास्त्रज्ञांना सावध करण्यात आले.

नोंदीचा उद्देश दोषी शोधणे हा नसून कारण शोधणे हा होय. शिक्षेच्या भीतीने इजा लपविल्या गेल्यास धोका तसाच राहतो. थोडक्यात टळलेल्या अपघातांचीही नोंद करणे म्हणूनच इष्ट ठरते.