‘वाजणे’ आणि ‘भरणे’ : संगणकातील कालमापनाविषयी

‘किती वाजले?’ आणि ‘किती वेळ झाला?’ हे प्रश्न मराठीत भिन्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर पूर्वी घटिकापात्र देत असे. बुडाशी बारीक छिद्र असलेले हे तांब्याचे पात्र पाण्यावर सोडले असता २४ मिनिटांत भरून बुडे. ‘घटका भरली’ हा प्रयोग त्यावरूनच रूढ झाला. ‘घड्याळ’ या नावात घटी असली, तरी ते यंत्र सांगते मात्र वाजलेले, हा शब्दार्थाचा मौजेचा प्रवास होय.

संगणकाच्या कार्यप्रणालीत ही दोन्ही साधने असतात. व्यवहारवेळेचे घड्याळ युनिक्स परंपरेत १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजते. ते जगाशी जुळते राहावे म्हणून दुरुस्त केले जाते, प्रसंगी मागेही सरकवले जाते. एकदिश घड्याळाचा आरंभ यदृच्छ, बहुधा यंत्र सुरू झाल्याचा क्षण असतो. त्यावरून तारीख कळत नाही. पण ते मागे जात नाही.

अवधी काढण्यासाठी पहिल्या घड्याळाची दोन वाचने वजा करणे धोक्याचे असते. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती; १९०६ पासूनची भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे आहे. पोलादपूर तालुक्यातील कुडपणहून प्रमाणवेळ लावून निघालेल्या वाटसरूने अर्ध्या तासाच्या वाटेत घड्याळ मुंबईच्या वेळेशी जुळवले, तर तो निघण्यापूर्वी ९ मिनिटे पोहोचला असे ठरेल! कार्यप्रणालीचे मूळ घड्याळ प्रदेशवेळेवर चालत नाही. तथापि दुरुस्तीचा परिणाम याच जातीचा असतो.

१ जानेवारी २०१७ रोजी, भारतात पहाटे साडेपाचच्या सुमारास, जागतिक वेळेत एक लीप सेकंद घातला गेला. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या काही यंत्रांवर अवधी ऋण निघाला आणि ऋण संख्येची अपेक्षा नसलेला प्रोग्राम कोसळला. तो ज्या ‘गो’ भाषेत लिहिला होता, तिच्या कालविषयक संग्रहात तोवर एकदिश वाचनाची सोय नव्हती; ऑगस्ट २०१७ च्या १.९ या आवृत्तीत ती आली.

एकदिश घड्याळही सर्वस्वी निःसंदिग्ध नाही. लिनक्समध्ये यंत्र निद्रिस्त असता ते थांबते. निद्राकाळ धरणारे ‘बूटटाइम’ हे घड्याळ निराळे आहे. तेव्हा ‘किती वेळ झाला’ विचारायचे, की ‘यंत्र किती वेळ जागे होते’, हे प्रोग्रामरने आधी ठरवावे लागते.