सागरी हवेत टिकणारे बाह्यावरण : मालवण किनाऱ्यावरील घरगुती कॅम्पिंग ट्रेलरच्या संदर्भात

सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. या दोन्ही गोष्टींमुळे मोटारीमागे जोडून नेता येईल अशी, दोन माणसांना निजण्यापुरती खोली स्वतःच बांधून घेण्याची कल्पना तारकर्ली, देवबाग, आचरा या परिसरात अगदीच परकी राहिलेली नाही. अशा ट्रेलरचा सांगाडा, आस आणि चाके कोणत्याही गावचा फॅब्रिकेशनवाला बनवू शकतो. खरा प्रश्न बाह्यावरणाचा, म्हणजे सांगाड्यावर बाहेरून चढवावयाच्या पत्र्याचा वा तक्त्याचा असतो. पुण्यास किंवा नाशकास पंधरा वर्षे टिकणारे आवरण देवबागेत तीन पावसाळ्यांतच कुजू लागते. ते कोठून कुजते आणि म्हणून कशाची निवड करावी, याचा विचार येथे केला आहे.

लोखंडाचा गंज पाण्यामुळे होतो हे सर्वज्ञात आहे. मात्र किनाऱ्यावर त्यासाठी पाऊस पडण्याची गरज नसते. हवेतील सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की पृष्ठभागावर बसलेले मीठ हवेतील बाष्प ओढून घेऊन स्वतःच विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते याहूनही पुष्कळ कोरड्या हवेत ओलसर राहतात. परिणामी धातूवर खाऱ्या द्रवाचा एक पातळ थर जवळजवळ कायम असतो. देवबाग ही तर एका बाजूस अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदीचे खारे पाणी यांच्यामधील वाळूची चिंचोळी पट्टी आहे. तेथे वारा कोठूनही आला तरी मीठ घेऊनच येतो. एक गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. जून ते सप्टेंबरचा मुसळधार पाऊस उघड्या पत्र्यावरील मीठ धुऊन टाकतो. पाऊस जेथे पोहोचत नाही, अशा छपराच्या वळचणीखाली, चाकांवरील कमानीत आणि पट्ट्यांच्या मागे ते साचत जाते. म्हणूनच भर पावसात भिजणाऱ्या भागापेक्षा आडोशाचा भाग आधी गंजतो.

कोकणातील जुन्या घरबांधणीला या हवेचा स्वभाव ठाऊक होता. जांभ्याच्या चिऱ्याला गंज चढत नाही आणि मातीच्या भिंतीवर झड येऊ नये म्हणून पावसाळ्यापुरते नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधले जात. झाप हे एका अर्थाने बाह्यावरणच होय. ते टिकाऊ नव्हते, परंतु सहज बदलता येत होते. ट्रेलरची रचना करणाऱ्याने हा धडा जरूर ध्यानात ठेवावा.

पर्यायांकडे वळण्यापूर्वी आकार ठरविणे इष्ट ठरते. बाजारात पत्रा आणि प्लायवूड प्रामुख्याने आठ बाय चार फुटांच्या मापात मिळते. ट्रेलरची खोली आठ फूट लांब, चार फूट रुंद व चार फूट उंच ठेवली, तर दोन बाजूंना दोन अखंड तक्ते, छपराला एक आणि चौथ्याचे दोन तुकडे करून पुढची व मागची भिंत, असे चार तक्त्यांत काम भागते. सांधे केवळ कडांवर उरतात. एकाही भिंतीच्या मध्यभागी जोड येत नाही. रुंदी पाच फूट केली की छपरावर मधोमध सांधा येतो, आणि गळती बहुधा तेथूनच सुरू होते. वरील मापाच्या खोलीचे बाह्य क्षेत्रफळ सुमारे बारा चौरस मीटर भरते. पुढील सर्व वजने या हिशोबाने दिली आहेत.

एक मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्याचे वजन ९४ किलोच्या घरात जाते. आंबोलीचा घाट चढताना छोट्या मोटारीला हे ओझे जाणवल्याशिवाय राहत नाही. वजनापेक्षाही मोठी अडचण जस्ताच्या मुलाम्याची आहे. दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त असलेल्या पत्र्यावर प्रत्येक बाजूस जेमतेम साडेआठ मायक्रॉनचा थर असतो. क्षरणाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील सी-५ हा तीव्र गट समुद्रालगतच्या दमट हवेला बहुधा लागू पडतो आणि त्या गटात जस्ताची झीज वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन धरली जाते. म्हणजे रंगाचे संरक्षण नसेल तर मुलामा एक-दोन वर्षांत संपतो. रंगीत मुलाम्याचा अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा हलका व स्वस्त असतो, पण जेथे तो कापला अथवा भोक पाडले तेथे पोलाद उघडे पडते. घराच्या छपरावर अशी कड मोजकीच असते. दार, खिडक्या आणि दिव्यांची भोके असलेल्या ट्रेलरमध्ये जिकडेतिकडे कडाच असतात.

ॲल्युमिनियमचा पर्याय अधिक विश्वासार्ह आहे. अमेरिकेत एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ पासून रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमचे ट्रेलर बांधले. मालवणसारख्या ठिकाणी साधा व्यापारी पत्रा न घेता मॅग्नेशियमयुक्त ५०५२ ही मिश्रधातू मागून घ्यावी, कारण खाऱ्या हवेत तिच्यावर खड्डे कमी पडतात. १.२ मिलिमीटर जाडीला वजन फक्त ३९ किलो होते. तापमानात चाळीस अंशांचा फरक पडल्यास आठ फुटी पत्रा सव्वादोन मिलिमीटरने लांबतो. त्यामुळे तो चारही बाजूंनी घट्ट आवळल्यास उन्हात फुगवटे येतात. दुकानांच्या पाट्यांसाठी वापरले जाणारे ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल गुळगुळीत दिसत असले तरी त्याच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन असते. ते पेट घेते. शेगडी जवळ असणाऱ्या खोलीला ते मुळीच योग्य नाही.

तिसरा मार्ग मालवणच्या किनाऱ्यावर उभाच आहे. मासेमारीच्या होड्यांमध्ये फायबरचा वापर आता सार्वत्रिक झाला आहे, आणि पावसाळी बंदीच्या काळात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांची डागडुजी करणारे कारागीर येथे सहज भेटतात. सहा मिलिमीटरच्या मरीन प्लायवर (भारतीय मानक ७१०) काचतंतूंची चटई व रेझिन यांचा एक मिलिमीटरचा थर चढविल्यास एकूण वजन ६५ ते ७० किलो भरते. ॲल्युमिनियमपेक्षा हे अधिक आहे, यात शंका नाही. परंतु या थराला कडा नसतात. तो कोपऱ्यावरून वळून पुढच्या भिंतीवर जातो आणि सांधाच नाहीसा होतो. शिवाय ओरखडा पडला तर दुरुस्ती गावातच होते. याला अट एवढीच की प्लायच्या कापलेल्या कडा आणि प्रत्येक भोकाचा आतला भाग रेझिन पाजून बंद केलेला असावा. तेथून पाणी शिरले तर वरचा थर शाबूत राहून आतले लाकूड कुजते आणि मालकास ते उशिरा कळते. उन्हाने पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरीत होऊ नये म्हणून वरून पांढरा पॉलियुरेथेन रंग द्यावा. त्याने खोलीही कमी तापते.

तथापि कोणतेही आवरण निवडले तरी ते बसविण्याची पद्धत चुकली तर निवडीला अर्थ उरत नाही. या बाबतीत मालवणकरांना दाखला लांबून आणावा लागत नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी राजकोट किल्ल्यावर अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्यापूर्वी सहा दिवस आधी, २० ऑगस्टच्या पत्रात, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या स्थानिक अभियंत्याने त्याचे नटबोल्ट वारा-पावसाने गंजल्याचे कळविले होते. पुढे चौकशीत गंजाबरोबरच सदोष वेल्डिंग व कमकुवत सांगाडा हीही कारणे पुढे आल्याचे प्रसिद्ध झाले. अनावरणास नऊ महिनेही पूर्ण झाले नव्हते. पुतळा आणि ट्रेलर यांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. जोडणीचे सामान या हवेत किती लवकर खचते, एवढेच त्यावरून ध्यानात यावे.

बाजारात ‘एसएस’ म्हणून मिळणारे स्क्रू पुष्कळदा स्वस्त २०२ प्रतीचे असतात आणि त्यांवर काही महिन्यांतच तांबूस डाग दिसतात. ३०४ प्रत बरी. समुद्रालगत मात्र दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रतच घ्यावी. खर्च वाढतो, पण शे-दोनशे स्क्रूंपुरताच. ॲल्युमिनियमच्या साध्या पॉप रिव्हेटमधील खिळा बहुधा पोलादी असतो. त्याचे तुटलेले टोक आतच राहते व तेथूनच तपकिरी ओघळ उतरतात. यासाठी तोंड बंद असलेला, स्टेनलेस खिळ्याचा रिव्हेट मागावा. दोन भिन्न धातू खाऱ्या ओलीत एकमेकांस टेकले की त्यांची लहानशी विद्युतघटी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. म्हणून पोलादी सांगाडा आधी इपॉक्सी प्रायमरने पूर्ण रंगवून त्यावर रबराची पट्टी ठेवावी आणि मगच पत्रा बसवावा. पितळी स्क्रू ॲल्युमिनियमजवळ फिरकूही देऊ नयेत. सांध्यात भरावयाचे सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा वास आला, तर ते जस्त व पोलाद यांस बाधणारे आहे असे समजावे; न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन सीलंट वापरावे.

तक्ते कापण्यापूर्वी आणखी एक काम उरते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच ठरते. तेव्हा मोजमापे आणि वजन घेऊन जिल्हा परिवहन कार्यालयात नोंदणीची चौकशी आधीच करावी. सामान घेतल्यावर विचारणारा महागात पडतो.

निगा राखणे फारसे अवघड नाही. ऑक्टोबर ते मे या काळात पंधरवड्यातून एकदा गोड्या पाण्याने ट्रेलर धुवावा, आणि तोही मुख्यतः खालून, चाकांच्या कमानीत व वळचणीखाली. पावसाळ्यात प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवण्याची पद्धत सर्वत्र आढळते, मात्र तिने आत कोंडलेली ओल बाहेरच्या पावसापेक्षा अधिक नुकसान करते. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी वारा खेळणाऱ्या मांगरात, विटांवर चाके उचलून आणि खिडक्या किलकिल्या ठेवून तो उभा करावा.