टेलिफोनची नाडीपरीक्षा

मिक्सर बिघडला की आवाजावरून कळतं, गॅस संपत आला की ज्योत सांगते. टेलिफोनचं मात्र तसं नाही. तो मुका झाला तरी कोपऱ्यातल्या टेबलावर, क्रोशाच्या रुमालावर ऐटीत बसलेला असतो. आणि खरी फसगत पुढेच आहे. तुमच्या घराकडे येणारी तार वाटेत तुटली, तरी पलीकडून फोन करणाऱ्याला घंटा वाजल्यासारखी ऐकू येतच राहते! कारण तो आवाज तुमच्या घंटेचा नसतोच. तो एक्स्चेंज त्याला ऐकवतं. त्याला वाटतं, घरात कुणी नाही. आणि तुम्ही तर फोनच्या शेजारीच शेंगा सोलत बसलेल्या असता.

आमच्या देवळाली कॅम्पात या फसगतीची झळ अधिक. हे तोफखान्याच्या शाळेचं गाव. नवरा सीमेवर आणि बायको मुलांना घेऊन इथे, अशी घरं कितीतरी. ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास ताटकळण्याचे ते दिवस आठवा. त्यानं मिनतवारीनं फोन लावायचा, ऑपरेटरनं ‘नो रिप्लाय’ म्हणून मोकळं व्हायचं, आणि मग दोन्हीकडे रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ‘काल कुठे होतीस?’ या एका प्रश्नावरून किती घरांत अबोला झाला असेल, कोण जाणे!

असा बिघाड तक्रार येण्याआधीच शोधायचा, यासाठी एक्स्चेंजमध्ये ठरलेल्या वेळी तपासणी करतात. तिला म्हणतात ‘रूटीन टेस्ट’. तांदळाला कीड लागायची वाट न पाहता आपण तो मधूनमधून उन्हात घालतो ना, तसंच हे.

पूर्वी बहुतेक शहरांत स्ट्रोजर पद्धतीची यंत्रं असत. अल्मन स्ट्रोजर हा अमेरिकेतला गृहस्थ अंत्यविधीचं सामान पुरवी. सांगतात की, गावातली ऑपरेटरबाई त्याचे फोन दुसऱ्याच दुकानदाराला जोडून देई. त्या रागातून त्यानं ऑपरेटरशिवाय चालणारं यंत्र काढलं आणि १८९१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. आपल्याकडे असं स्वयंचलित एक्स्चेंज पहिल्यांदा सिमल्याला १९१३-१४ च्या सुमारास आलं. यंत्राची कल्पना अगदी चाळीसारखी. दहा मजले, दर मजल्यावर दहा बिऱ्हाडं. नंबराचे शेवटचे दोन आकडे फिरवले की यंत्राचा दांडा आधी तेवढे मजले चढायचा आणि मग वळून तितक्याव्या दारावर टेकायचा. अशी यंत्रं ओळीनं उभी, दिवसभर त्यांची खटखट चाललेली.

दांडा आणि दार यांच्यामध्ये धुळीचा कण अडकला, की खरखर तरी व्हायची, नाहीतर कॉल मधेच तुटायचा. म्हणून वर्दळ कमी असे तेव्हा, बहुधा रात्री, ‘राउटिनर’ नावाचं दुसरं यंत्र एकेका दांड्याला खोटा कॉल देऊन पाही. जो नीट चढला, वळला तो पास. जो अडखळला त्याच्यापाशी राउटिनर थांबे आणि दिवा पेटवी. मग मेकॅनिक त्या दांड्याला बाजूला काढून साफसूफ करी. सकाळी आपल्याला यातलं काही कळतही नसे.

घरच्या तबकडीचीही परीक्षा असे. लाइनमन घरी आला की एक्स्चेंजच्या टेस्ट डेस्कला फोन लावून शून्य फिरवायचा, आठवतं? शून्य म्हणजे दहा ठोके, आणि ते सेकंदाला दहा या वेगानं जायला हवेत. तबकडी रेंगाळली की राँग नंबर! (तिच्यात शिवणयंत्राचं तेल सोडणाऱ्या उत्साही गृहिणीही होत्या. तेलाला धूळ चिकटून तबकडी आणखीच रेंगाळत असणार.)

पावसाळा म्हणजे तर कसोटीच. ओल शिरली की तारांतली वीज एकीकडून दुसरीकडे झिरपते. म्हणून मोठ्या केबलमध्ये कोरडी हवा दाबानं भरून ठेवत. दाब उतरला म्हणजे केबलला कुठेतरी भोक पडलं, हे पाणी आत जायच्या आधीच समजे. मला तर ही युक्ती सगळ्यांत हुशारीची वाटते.

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली आणि १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला तिचं पहिलं छोटं ग्रामीण एक्स्चेंज बसलं. अशा इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजमध्ये रात्री काँप्युटरच एकेक लाइन तपासून बिघडलेल्यांची यादी काढू शकतो. अपरात्री फोन एकदाच ‘टिंग’ करून गप्प बसे, त्यामागे कधी कधी अशी तपासणीच असे. भुताखेताचं काही नव्हतं बरं का!

आता अनेक ठिकाणी तांब्याच्या तारेऐवजी फायबर येतो आहे, आणि घरातल्या बाईनं लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट बदलली आहे. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून मिळे, त्यामुळे घरातले दिवे गेले तरी फोन चाले. फायबरची डबी मात्र घरच्या विजेवर चालते. वीज गेली की फोनही गेला. घरात म्हातारी माणसं असतील तर ती डबी इन्व्हर्टरवर घ्या.

आठवड्यातून एकदा मोबाइलवरून घरच्या फोनला फोन करा. पण कानातल्या आवाजावर विसंबू नका. खोलीतली घंटा वाजते का ते ऐका, आणि उचलून बोलून पाहा. मग त्याच फोनवरून उलट मोबाइल लावा. जुनी तारेची लाइन असेल आणि गडबड वाटली, तर स्वयंपाकघरातला जादा फोन काढून एकच फोन पहिल्या खोक्याला जोडून पाहा. तरीही मुका असेल, तर तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुधाच्या हिशेबाशेजारी.