पडद्यावरचा स्नूकर आणि आरपार गेलेला चेंडू

कॅरम तुम्ही सारेच खेळता. स्ट्रायकर सोंगटीवर आदळला की ती कोठे जाईल, याचा अंदाज तुमच्या बोटांना असतो. त्यासाठी तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसत नाही. पण ज्याला बोटे नाहीत आणि डोळेही नाहीत, अशा यंत्राला हा अंदाज करायला सांगितला तर? आज आपण अशाच एका खेळाची ओळख करून घेऊ या. तो खेळ म्हणजे संगणकावरचा स्नूकर.

स्नूकरचा जन्म आपल्याच देशात, जबलपूर येथे १८७५ साली ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांमध्ये झाला, असे मानतात. हिरव्या कापडाच्या टेबलावर १५ लाल, ६ इतर रंगांचे आणि १ पांढरा असे २२ चेंडू असतात. प्रत्येकाचा व्यास ५२.५ मिलिमीटर. 'क्यू' नावाच्या लांब काठीने फक्त पांढरा चेंडू मारायचा आणि त्याच्या धक्क्याने बाकीचे चेंडू पॉकेटात घालवायचे.

१९९१ साली आर्चर मॅक्लीन या इंग्रज प्रोग्रॅमरने हा खेळ संगणकावर आणला. इंग्लंडचा नामवंत खेळाडू जिमी व्हाइट याच्या नावावरून त्याचे नाव पडले 'जिमी व्हाइट्स व्हर्लविंड स्नूकर'. 'व्हर्लविंड' म्हणजे वावटळ. हे जिमीचे टोपणनाव. खेळणारा टेबलाभोवती फिरून हव्या त्या बाजूने पाहू शके. त्याने फटका मारायला फार वेळ लावला, तर चेंडू चक्क त्याला वेडावून दाखवत! त्या वेळच्या अमिगा आणि अटारी एसटी या घरगुती संगणकांच्या प्रोसेसरला सेकंदाला सुमारे ७० ते ८० लाख ठोके पडत. आजच्या साध्या मोबाइलपुढे ही गती अगदीच किरकोळ.

प्रत्यक्ष घटनेची अशी गणिती नक्कल करणे म्हणजेच सदृशीकरण. हे काम वाटते तितके सोपे नाही, याचा धडा मी स्वतः घेतला आहे. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मी एकदा दोन चेंडूंचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. सेकंदाला २५ चित्रे काढायची आणि प्रत्येक चित्रात चेंडू एकमेकांना टेकले आहेत का ते तपासायचे, अशी माझी योजना. हळू फटके छान चालले. मग एका विद्यार्थ्याने जोराचा फटका मारला आणि पांढरा चेंडू लाल चेंडूतून आरपार गेला! "सर, तुमचा चेंडू भूत आहे का?" त्याने विचारले. सारा वर्ग हसला.

चूक कोठे होती? सेकंदाला ५ मीटर वेगाचा चेंडू १/२५ सेकंदात २० सेंटिमीटर जातो. दोन चेंडू मात्र त्यांच्या केंद्रांतील अंतर ५.२५ सेंटिमीटर किंवा कमी असेल तेव्हाच टेकलेले दिसतात. एका चित्रात चेंडू अलीकडे होता आणि पुढच्या चित्रात पलीकडे. मधली टक्कर यंत्राने पाहिलीच नाही.

यावर उपाय म्हणजे प्रश्नच बदलणे. 'आता टेकले आहेत का?' असे विचारण्याऐवजी 'केंद्रांतील अंतर ५.२५ सेंटिमीटर केव्हा होईल?' असे विचारायचे. तेवढ्या अल्प वेळात वेग बदलत नाही असे धरले, तर या प्रश्नातून वर्गसमीकरण तयार होते. होय, तुमच्या दहावीच्या पुस्तकातलेच! त्याची लहान उकल म्हणजे टक्कर होण्याची वेळ. वास्तव उकल नसेल, तर चेंडू हुकला. २२ चेंडूंच्या २३१ जोड्या होतात. त्यांतील सर्वांत आधीची टक्कर शोधायची, तिथपर्यंत चेंडू पुढे न्यायचे आणि पुन्हा हिशेब करायचा.

टक्कर झाल्यावर काय? सारख्या वस्तुमानाच्या दोन चेंडूंपैकी एक स्थिर असेल आणि त्यांची तिरपी टक्कर पूर्ण स्थितिस्थापक असेल, तर संवेग आणि गतिज ऊर्जा यांच्या अक्षय्यतेमुळे दोघांच्या मार्गांत काटकोन येतो. पण स्नूकरचा चेंडू नुसता घसरत नाही, तो गडगडतोही. न फिरता निघालेला भरीव चेंडू कापडाच्या घर्षणामुळे फिरू लागतो आणि पूर्ण गडगडू लागला की त्याचा वेग सुरुवातीच्या ५/७ होतो. गडगडणारा पांढरा चेंडू स्थिर चेंडूवर बरोबर समोरून आदळला, तर क्षणभर थबकतो. पण त्याचे फिरणे शिल्लक असते. त्यामुळे तो पुन्हा मूळ वेगाच्या सुमारे २/७ वेगाने पुढे जातो. प्रोग्रॅमरने हे फिरणे विसरले, तर पडद्यावरचे चेंडू सुंदर दिसतील, पण खेळ खोटा होईल.

इतके करूनही एक अडचण उरते. एक मीटर दूरच्या चेंडूवर नेम धरताना दिशेत ०.०१ अंशाची चूक झाली, तर आघात झालेल्या चेंडूच्या दिशेत ती सुमारे १८ पट, म्हणजे ०.१८ अंश होते. त्याने पुढे तितक्याच अंतरावरच्या चेंडूला धडक दिली, तर ती ३ अंशांवर जाते. आणखी एक टक्कर, की नेम उरतच नाही. म्हणून पहिल्या फटक्याने फुटलेले लाल चेंडू कोठे थांबतील, हे खरा खेळाडू सांगू शकत नाही. संगणकाला मात्र तेच आकडे पुन्हा दिले, तर चेंडू पुन्हा त्याच जागी थांबतात. त्यावरून त्याला खऱ्या टेबलाचे भविष्य कळते, असे समजू नका. आपण दिलेले नियम तो पाळतो, एवढेच. नियम बरोबर आहेत का, हे टेबलावरच तपासावे लागते.

ही तपासणी तुम्हीही करू शकता. कॅरम बोर्डावर पावडर टाका आणि एका सोंगटीने दुसरीला तिरपे मारा. स्ट्रायकर वापरू नका, तो जड असतो. दोन्ही मार्ग खडूने आखून कोनमापकाने कोन मोजा. सोंगट्या गडगडत नाहीत, तेव्हा कोन ९० अंशांच्या आसपास यावा. मग सारख्या आकाराच्या दोन गोट्या गुळगुळीत फरशीवर घ्या आणि हाच प्रयोग करा. कोन किती भरला? कमी भरला असेल, तर तो का, हे आता तुम्हीच वर्गात सांगा.