अंधारातलं विरजण

माळा आवरताना जुना कॅमेरा हाती आला, तर पहिली गोष्ट कोणती करू नये? तो उघडू नये! हे शहाणपण मला जरा उशिराच आलं. सासऱ्यांचा ‘अग्फा क्लिक थ्री’ सापडला आणि मी हौसेनं त्याची मागची बाजू उघडली. आत रोल! खटकन बंद केली, पण सासूबाई एवढंच म्हणाल्या, “अगं, ह्यांनी काढलेला शेवटचा रोल तो.”

क्षणभराच्या उजेडानं असं काय बिघडतं? फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो. त्यात चांदी आणि ब्रोमीन यांच्या संयुगाचे बारीक बारीक कण असतात. कणावर उजेड पडला, की त्यातली चांदी मोकळी होते. किती? अवघे चार-पाच अणू! डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण हे अणू म्हणजे दुधाला लावलेलं विरजणच समजा. फिल्म डेव्हलपरमध्ये घातली, की विरजण लागलेला अख्खा कण काळ्या चांदीचा होतो. उजेड न लागलेले कण ‘हायपो’ विरघळवून टाकतो. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच दाखवून दिला होता. म्हणून तर निगेटिव्हमध्ये पांढरी साडी काळी दिसते आणि काळेभोर केस पांढरे!

हे विरजण टिकतं तरी किती? स्वीडनचे आंद्रे दोन सोबत्यांसह १८९७ मध्ये फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले, ते परतलेच नाहीत. १९३० मध्ये एका बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष आणि फिल्म सापडल्या. तेहेतीस वर्षांनी त्यांतून ९३ छायाचित्रं हाती आली!

आपल्याकडे मात्र बर्फ नाही. उष्मा आणि दमट हवा आहे. तेव्हा एवढं कराच:

कॅमेऱ्यात रोल असेल अशी शंका आली, तर तो तसाच जाणत्या फोटोग्राफरकडे न्या. रोल जुना आहे हे आधी सांगा. उगाच दिवस घालवू नका.

निगेटिव्ह नेहमी कडेनं धरा. ओल्या फडक्यानं पुसू नका. भिजलं की जिलेटिन फुगतं आणि त्यावर ओरखडे उठतात.

कागदी पाकिटात घालून कोरड्या, थंड कपाटात ठेवा. न्हाणीघराच्या भिंतीला लागून तर नकोच! पावसाळ्यात जिलेटिनला बुरशी धरते. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

आणि आमचा रोल? बारांपैकी चार फोटो आले. गुंडाळीत अगदी आत होते, म्हणून वाचले. एकात तरुण सासूबाई अंगणात उभ्या आहेत. फोटो काढणाऱ्यानं ऊन पाठीवर घेतलेलं, त्यामुळे त्याची लांब सावली थेट त्यांच्या पायांशी आलेली.

सासूबाईंनी त्या सावलीवर बोट ठेवलं. “बघ,” म्हणाल्या, “हे पण आलेत.”